टॅब पाठवू नका, शनिवारचा एक तास द्या

गावाकडच्या ग्रुपांवर एक वाद संपत नाही. अर्धे म्हणतात, पोरांच्या हातातला मोबाईल काढून घ्या. उरलेले म्हणतात, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे, आपली मुलं मागे पडतील. मग परदेशातून कुणीतरी शाळेला टॅब पाठवतो आणि प्रश्न सुटला असं सगळे धरून चालतात.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलालाही कॉम्प्युटिंग हा विषय आहे. तिथल्याच बहुतेक शाळा दिवसभर मोबाईल वापरू देत नाहीत. यात विसंगती नाही. स्क्रीन बघत बसणं वेगळं आणि स्क्रीनवर काही घडवणं वेगळं. घडवायला कीबोर्ड लागतो आणि अडल्यावर विचारायला माणूस लागतो. आपण परदेशस्थ कोकणवासी दर शनिवारी तासभर व्हिडिओ कॉलवर तो माणूस होऊ शकतो.

सुरुवात स्क्रॅचपासून करावी, म्हणजे सूचनांचे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायची मुलांची भाषा. फोनच्या छोट्या पडद्यावर त्याचे ठोकळे जुळवताना मुलं कंटाळतात, म्हणून ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप नव्या टॅबपेक्षा कामाचा. स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती टाकून ठेवा, म्हणजे रेंज गेली तरी काम थांबत नाही. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जमध्ये तासभराचा समूह व्हिडिओ कॉल बहुतेक डेटा खाऊन टाकतो. पहिली दहा मिनिटं चेहरे दिसू द्या, मग कॅमेरे बंद करून फक्त आवाज ठेवा. मुलांची फाइल सहसा लहान असते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून सहज येते.

आणि शिकवायचं काय? उडणारे पक्षी आणि मांजरं दोन शनिवारांत पुरे. त्यानंतर भरतीचं गणित घ्या. किनाऱ्यावरच्या घरांत आडाखा ठाऊक असतो: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. मुलाने ‘तिथी किती?’ असा प्रश्न विचारणारा ठोकळा लावायचा, उत्तर ३ ने गुणून ४ ने भागायचं आणि पडद्यावर दाखवायचं. नवमीला ६.७५ येतं आणि मुलगी सहा वाजून पंच्याहत्तर मिनिटं वाचते. शेजारी बसलेले आजोबा लगेच ‘पावणेसात’ म्हणतात. इथे गुरूने उत्तर सांगू नये. पूर्णांक वेगळा काढायचा, उरलेल्या ०.७५ ला ६० ने गुणायचं, हे तिला शोधू द्यावं. वीस मिनिटं गेली तरी चालतील. कुणीतरी तिथी ४० घालून बघतंच, मग १ ते १५ ची अट आपोआप शिकवून होते. शेवटी बंदराच्या छापील भरती-ओहोटी तक्त्याशी ताडून पाहा. फरक निघतो, कारण आडाखा दर तिथीला ४५ मिनिटं धरतो, प्रत्यक्षात भरती रोज सरासरी ५० मिनिटं पुढे सरकते, शिवाय तिथी काही बरोबर चोवीस तासांची नसते. आडाखा कुठवर चालतो हे मुलाला स्वतः मोजता येणं, हे मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचं वाटतं.

पुढे मायक्रोबिट, म्हणजे मुलांना प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, घ्यायचा असेल तर केबल तपासा. पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात. दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही, आणि सगळे बोर्डालाच दोष देतात. खाऱ्या हवेने जोडण्या हिरव्या पडतात, म्हणून बोर्ड सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

हे सगळं परदेशातून एकट्याने निभत नाही. शाळेतल्या बाई किंवा गावातला एखादा दादा खोलीत हवाच. कुणाचं माऊस अडलंय हे लंडनहून दिसत नाही. मुलांशी एकेकट्याने खासगी चॅट नको, लिंक पालकांच्याच ग्रुपवर जाऊ द्या. ब्रिटनमध्ये मुलांसोबत काम करणाऱ्या स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासतात. गावचं नातं आहे म्हणून आपण त्यातून सूट मागू नये.

वेळ भारताच्या घड्याळाने बांधा. शनिवारी संध्याकाळी पाच म्हणजे दुबईत साडेतीन, लंडनला हिवाळ्यात साडेअकरा आणि उन्हाळ्यात साडेबारा. जून ते सप्टेंबर वीज जाणार हे धरूनच चाला. कडकडाट सुरू झाला की प्लग काढायचा आणि त्या दिवशी ठोकळे कागदावर मांडायचे. गणपतीत आणि शिमग्यात वर्ग ठेवूच नका, कुणी येणार नाही.