नवरा चांगला होता, हे मलाही मान्य आहे

दादा, अमेरिकी लेखिका केट शोपिनच्या 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' या कथेवरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की कथेतल्या लुईझचा नवरा ना मारणारा ना पिणारा, तरी तो रेल्वे अपघातात गेल्याचं ऐकून तासाभरात 'मोकळी झाले' म्हणणारी ही बाई स्वार्थी, हे असलं सगळं परदेशी खूळ, आणि कर्जापायी नवरा गेलेल्या बायांचे हाल आपल्या गावात बघूनही मी ह्या कथेचं कौतुक करते याची मला लाज वाटायला पाहिजे.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. 'वैधव्यानं तिला मुक्त केलं' हे माझं पोस्टमधलं वाक्य चुकलंच. आपल्याकडे नवरा गेला की मोकळीक कुठली, सातबाऱ्यावर नाव चढवायला खेटे, सावकार दारात, दीर म्हणतो वावर मी पाहतो, आणि हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. पण केट शोपिनला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. १८८२ साली तिचा नवरा तापानं गेला तेव्हा ती ३२ वर्षांची होती, पदरात सहा लेकरं, वर त्यानं करून ठेवलेलं कर्ज, आणि लुइझियानातल्या त्या लहानशा गावात त्याचं दुकान, शेती तिनंच पुढं चालवली. मग माहेरी गेली, लिहायला लागली आणि १८९४ मध्ये ही कथा लिहिली. कर्जही बघितलेलं, स्वतःच्या हातानं कारभारही केलेला, अशा बाईनं लिहिलेली गोष्ट आहे ही.

आता स्वार्थाचं. बातमी कळल्या कळल्या लुईझ बहिणीच्या मिठीत हमसून रडते, हे तुम्ही सोडूनच दिलं. नवऱ्याचे मायेचे हात आठवून आपण परत रडणार हेही तिला माहीत आहे. तिला आनंद होतो तो त्याच्या मरणाचा नाही, पुढची वर्षं आपली असतील याचा, आणि तो आनंद येताना ती घाबरते, त्याला ढकलून द्यायला बघते. आदल्या दिवसापर्यंत आयुष्य लांबलचक असेल या विचारानं तिला कापरं भरत होतं! नवरा वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती, सगळा दोष त्याच्यावर टाकून आपण मोकळे झालो असतो.

माझी एक मावशी आहे, काका देवमाणूस, आवाज चढवून बोलत नाही. ते दरवर्षी पेरणी पोरांवर टाकून शेगावच्या पालखीसंगं पंढरपूरला जायचे. मावशीच्या डोक्यावर दुप्पट काम यायचं तरी ती म्हणायची, "माणूस लय चांगला हाये वं, पन थो घरात असला का मी निजेतबी कान देऊन रायतो, आता हाक येईन मंग हाक येईन. थो वारीले गेला का मले झोप लागते." आणि काका परतायचे त्या दिवशी हीच मावशी सकाळपासून रस्त्याकडे बघत बसायची. दोन्ही खरंच होतं ना?

आणि परदेशी खूळ म्हणता, तर आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये छापलं, ह्या कथेच्या १२ वर्षं आधी. नवऱ्याला देव माना म्हणता तर त्यानं देवासारखं वागायला नको का, हा त्यांचा प्रश्न वऱ्हाडातलाच आहे.

शेवट तुम्हाला 'पापाची शिक्षा' वाटला. मला तसं अजिबात वाटत नाही. नवरा मुळात गाडीत नव्हताच, तो दारात उभा राहतो, ही कोसळते, आणि डॉक्टर सांगतात आनंदानं गेली. ती कशानं गेली हे त्या घरात कुणालाच कळत नाही, मला त्याचंच वाईट वाटतं.

ते चुकलेलं वाक्य आज बदलते. मागच्या दिवाळीनंतर कापूस वेचताना ही गोष्ट मी मावशीला सांगितली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही, ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला न् मग विचारलं, "किती वेळ भेटला म्हन्ली तिले?" एक तास, म्हटलं. "तास भेटला," म्हणाली आणि कपाशीच्या पुढच्या तासाला लागली.