‘दहा वर्षांत पडतात’ म्हणे!

‘सगळे दात गेलेल्यांनी इम्प्लांटच्या नादी लागू नये. दहा वर्षांत ते सैल होऊन पडतात. साठीनंतर तर हाड ते धरतच नाही. त्यापेक्षा कवळी बरी, तिच्याने हाडाला धक्का लागत नाही.’ असा मेसेज फिरतोय. मी दातांची डॉक्टर, कवळ्याही बसवते आणि इम्प्लांटही, म्हणजे दात धरायला जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू. तो वाचून घाबरलेले लोक रोज समोर बसतात, म्हणून हे लिहितेय.

दहा वर्षांत पडतात? स्वीडनमध्ये इम्प्लांटचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. तो 2006 मध्ये वारला, तोवर ते काम देत होते. एकावरून नियम ठरत नाही, मान्य. पण त्यांच्याच चमूचा 1981 चा अहवाल पूर्ण बोळकं झालेल्या रुग्णांचा आहे. 5 ते 9 वर्षं पाहिलेल्या गटात वरच्या जबड्यातले 81 टक्के आणि खालच्यातले 91 टक्के स्क्रू पक्के होते. वरचं हाड भुसभुशीत, म्हणून तिथे आकडा कमी. शिवाय एखादा स्क्रू गेला म्हणून सगळे दात जात नाहीत: त्याच गटात खालचे सगळे ब्रिज (स्क्रूंवर पक्क्या बसवलेल्या दातांच्या रांगा) टिकले, वरचे 89 टक्के. आजचे इम्प्लांट आणखी सुधारलेत. बहुतेक अभ्यासांत दहा वर्षांनी 90 टक्क्यांहून जास्त जागेवर असतात.

मग लोकांना ‘सैल झालं’ असं का वाटतं? एक आजी इम्प्लांटवर अडकवायची त्यांची कवळी रुमालात बांधून आल्या, ‘स्क्रू निसटला गं’ म्हणाल्या. पाहिलं तर दोन्ही स्क्रू घट्ट. कवळीच्या आत इम्प्लांटच्या टोकाला पकडणारी, शर्टाच्या बटणाहून लहान नायलॉनची टोपी तेवढी झिजली होती. ती बदलली, कवळी टक्कन बसली. टोप्या झिजतात, ब्रिजचे दातही झिजतात. हा देखभालीचा खर्च आधीच सांगायला हवा, आणि आम्ही डॉक्टर तो पुरेसा सांगत नाही.

साठीचं म्हणाल तर नुसत्या वयाने काही अडत नाही. अडतं ते सिगारेटने, ताब्यात नसलेल्या मधुमेहाने, जबड्याला दिलेल्या रेडिएशनने, हाडांसाठीच्या काही औषधांनी.

कवळीने हाड वाचतं, हे तर साफ उलटं आहे. दात गेले की हाड झिजत जातं आणि कवळी ते थांबवत नाही. कवळी वापरणाऱ्यांना 25 वर्षं पाहून 1972 साली छापलेल्या अभ्यासात खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजला होता. म्हणूनच खालची कवळी बोलताना उचलते. इम्प्लांटभोवतीचं हाड, सगळं ठीक असेल तर, पहिल्या वर्षी साधारण दीड मिलिमीटर आणि पुढे वर्षाला 0.1 मिलिमीटरच्या आसपास उतरतं. 2002 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा असं म्हटलं, ते उगीच नाही.

पण या मेसेजला उत्तर म्हणून कुणी ‘एकदा बसवलं की जन्माची काळजी मिटली’ लिहिलं, तर तेही खोटं. इम्प्लांटभोवती पू होऊन हाड खाल्लं जातं आणि बऱ्याचदा दुखतही नाही. ब्रश फिरवताना रक्त दिसलं तर ‘आपोआप थांबेल’ म्हणत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.