सात महिने एकच ट्विंकल

लेकीला व्हायोलिनचा क्लास लावून सात महिने झाले आणि आम्ही अजून ट्विंकल ट्विंकलवरच आहोत, हे सांगितलं की लोक आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बिचारे म्हणून बघतात. "अजून नोटेशन नाही शिकवत?" नाही शिकवत! पाच वर्षांची आहे ती, धड वाचता येत नाही पण बडबड दिवसभर चालू, आणि बोलायला काय तिला कोणी बाराखडी गिरवून शिकवलं होतं?

हा मुद्दा मुळात जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकींचा. १८९८ साली नागोयात जन्म, वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना, पण पुढे बर्लिनला शिकायला गेले तेव्हा जर्मन शिकताना नाकी नऊ आले, आणि इकडे जपानी पोरं जपानी कशी सहज बोलतात! त्यातून पद्धत निघाली, रोज तेच रेकॉर्डिंग ऐकायचं, ऐकून वाजवायचं, कागद नंतर. आणि आईबापाने आधी शिकायचं. तिच्या मापाचं इवलंसं व्हायोलिन मी आठवडाभर हनुवटीखाली धरून उभा, ती नुसती बघत होती, शेवटी तिनेच बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, ओढून घेतला, "बाबा, आता माझी पाळी."

ए तारेवर तिचं दुसरं बोट जरा मागे पडायचं, म्हणजे सी शार्पचा सूर खाली उतरलेला. मी आपला "पुढे घे, पुढे घे", ती बोटांच्या जागा कळाव्यात म्हणून व्हायोलिनच्या पट्टीवर चिकटवलेल्या टेपकडे बघून बोट सरकवायची आणि पुढच्या वेळी परत तेच. एकदा वैतागून मी गप्प बसलो आणि नुसतं रेकॉर्डिंग लावलं, आठवडाभर खेळताना, कपडे घालताना, कुठेही. मग एके दिवशी वाजवताना मध्येच थांबली, नाक मुरडलं, बोट स्वतःच पुढे घेतलं. टेपकडे बघितलंसुद्धा नाही!

एक मात्र खटकतं. कान तयार झाला की पोरं नोटेशन वाचायला कंटाळतात, समोर पान असतं आणि वाजवतात सगळं आठवणीतून, म्हणून वाचन फार लांबवू नये असं माझं मत. पण आधी नकोच. आणि रिपीटचा कंटाळा म्हणाल तर तो तिला नाही हो, मला येतो, ती एकच गोष्ट रोज रात्री ऐकते की.

पुढचं गाणं कधी ते प्लीज विचारू नका, टीचरना विचारायची माझीच हिंमत होत नाही.