पेन ड्राइव्हचा सातबारा

मेहुणीच्या लग्नाचा व्हिडिओ स्टुडिओवाल्याने माझ्याकडे पाठवला, कारण सासुरवाडीत मी 'कॉम्प्युटरमधला' समजला जातो. व्हिडिओ 6 जीबीचा, पेन ड्राइव्ह 32 जीबीचा आणि साफ रिकामा. तरी लॅपटॉप म्हणे, फाइल मावत नाही.

भाच्याला फोन लावला. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम चढवण्याचं पुण्य त्याचंच. "मामा, ड्राइव्हचं फॉरमॅट फॅट32 आहे. 4 जीबीच्या वरची फाइल घेतच नाही. ईएक्सटी4मध्ये फॉरमॅट करून टाका." सोबत कमांड पाठवली, 'सुडो'ने सुरू होणारी. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर साधं टिंबही उमटत नाही, त्यामुळे तो दोनदा चुकला. तिसऱ्यांदा फॉरमॅट झालं.

व्हिडिओ कॉपी केला, ड्राइव्ह उघडला, तर 'पेस्ट' करडं. नवा फोल्डर? तेही करडं. आत एकच फोल्डर होता, 'लॉस्ट+फाउंड' नावाचा, आणि त्याला कुलूप! कोऱ्या घरात कुणीतरी आधीच एक खोली बळकावून बसलेलं. प्रॉपर्टीज उघडून परवानग्या बघितल्या, तर तिथे स्वच्छ लिहिलेलं: तुम्ही मालक नाही, सबब परवानग्या बदलू शकत नाही.

पैसे मी मोजले. बिल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि मालकाच्या रकान्यात नाव: रूट.

"बरोबरच आहे," भाचा म्हणाला. "रूट म्हणजे सिस्टीमचा सर्वेसर्वा. सुडोने फॉरमॅट केलं म्हणजे रूटनेच केलं. ईएक्सटी4 मालकाची नोंद ड्राइव्हवरच ठेवतो."

म्हणजे सातबारा! फॅट32 हे आपलं गायरान होतं, मालकीचा रकानाच नाही; जो ड्राइव्ह लावेल त्याची गुरं आत. मी हौसेने त्याची मोजणी करून घेतली आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर चढवली. वर भाच्याने सांगितलं, की फेरफार करायला त्या रूटच्याच नावाने अर्ज करायचा. 'सुडो चोन', पुढे माझं नाव, पुढे ड्राइव्हचा पत्ता. तलाठ्याकडे हेलपाटे नाहीत, चहापाणी नाही. एंटर दाबलं आणि 'पेस्ट' काळंभोर झालं. एका सेकंदात फेरफार मंजूर झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

(नंतर कळलं, की तिथे माझं नाव चढलेलंच नाही. चढला तो एक आकडा, 1000. उबुंटूत पहिल्या वापरकर्त्याला हाच नंबर मिळतो. म्हणजे हा ड्राइव्ह उद्या शेजाऱ्याच्या उबुंटूला लावला, तर मालक तो.)

रविवारी सासुरवाडीला गेलो. सासूबाईंनी खास पुरणपोळी केलेली, मंडळी सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली. साडूने ड्राइव्ह आपल्या विंडोजच्या लॅपटॉपला लावला, तोही टीव्हीला जोडलेला. ईएक्सटी4 म्हणजे काय, हे विंडोजच्या गावीही नाही. बत्तीस इंची पडद्यावर पाटी झळकली.

"साडूभाऊ, फॉरमॅट करायचं का विचारतोय," असं म्हणत त्याने माऊस सरकवला. "करतो हं!"