इमारत नको, ऑर्डर द्या

पुण्यातल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. शहरात एवढी डिझाइन कॉलेजं, एवढे कारखाने, मग सरकार एखादं भव्य डिझाइन सेंटर का बांधत नाही? आणि मग माझ्याकडे मोर्चा वळतो: 'तुमच्या आइंडहोवेनला बघ!'

बघतोच आहे, राहतो इथेच. नेदरलँड्समधलं हे फिलिप्सचं गाव, कंपनी १८९१ साली इथे सुरू झाली. १९९३ साली इथली ट्रक बनवणारी डाफ दिवाळखोरीत गेली आणि त्याच दशकात फिलिप्सने मुख्यालय ॲम्स्टरडॅमला हलवायचं ठरवलं. मागे उरल्या रिकाम्या शेड. पीट हाइन एक (Eek) नावाचा डिझायनर टाकाऊ लाकडाची टेबलं करून नावाजला, त्याचं वर्कशॉपही फिलिप्सच्या जुन्या कारखान्यातच आहे. म्हणजे आधी मोकळी जागा होती, लोक काम करत होते. ऑक्टोबरातला नऊ दिवसांचा डच डिझाइन वीक हा महोत्सव, आमच्या ग्रुपला फक्त तोच दिसतो, तो त्या कामावर उभा आहे. आता त्याच भागात भाडी इतकी चढलीत की नवख्याने तिकडे फिरकू नये, हेही सांगून ठेवतो.

उलट पुण्याकडे जे आहे त्याचा मला इथे बसून हेवा वाटतो. भोसरीतल्या शेडमध्ये कागदावर आकृती काढून दिली, चहा झाला, की पत्रा कापायला सुरुवात. नशीब असेल तर संध्याकाळी नमुना हातात. इथे तेवढ्याच तुकड्यासाठी आधी ईमेल, मग कोटेशन, मग 'तीन आठवड्यांनी बघू', आणि बिल बघून घाम.

कसबा पेठेतली तांबट आळी घ्या. मठारकामात हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून पडावा लागतो, त्यातूनच तांब्याला ती चमक येते आणि पत्राही कडक होतो. बंब गीझरने घालवला, हंडे-घागरी स्टीलने. डिझायनर मंडळींनी त्याच कामातून दिवे, बाटल्या, ट्रे करून घेतले तेव्हा आळीत पुन्हा थोडी मागणी आली. त्यासाठी कुणी इमारत बांधली नव्हती, ऑर्डर दिली होती.

आणि शहरात सर्वांत मोठी ऑर्डर देणारी कोण? महापालिका. बाक, बसथांबे, पाट्या, कचरापेट्या. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ नीट आखला, तर लोक तिथे बसायला लागले. (मधूनच दुचाकी चढते, ते आपलं खास योगदान.) पण बाकी खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा जिंकते, आणि मग सगळीकडे तेच लोखंडी बाक. राष्ट्रीय डिझाइन धोरण २००७ पासून आहे, पण निविदा काढणाऱ्या टेबलापर्यंत ते पोहोचलेलं दिसत नाही. खरं तर केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्ये बांधकामांच्या आणि सेवांच्या निविदांत काही अटींवर दर्जाला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. पालिकेने निदान बाकांसाठी तेवढं करून बघावं, आणि निवडक स्पर्धकांना नमुना बनवायचे पैसे द्यावेत, हरले तरी. इथे बऱ्याच स्पर्धांत ते मिळतात. पुण्यात नमुना करायला खर्चही कमी येईल, भोसरी जवळच आहे.