कूलरखालचा ठाणेदार

नागपुरात मे महिन्यात माणसाची इज्जत त्याच्या कूलरवरून ठरते. ताट्या, म्हणजे पाणी झिरपतं ती कूलरची गवती पॅडं, यंदा बदलल्या की गेल्या वर्षीच्याच रेटून चालल्यात हे पाहुणे चप्पल काढता काढताच वासावरून ओळखतात. आमच्या ताट्या नव्या, पंप नवा, फक्त टाकीला खालून एक भोक आहे. दोन वर्षं झाली, बुजवू बुजवू करतोय. त्यातून टपटप गळतं, खिडकीखालची दोनेक हात जागा कायम ओली राहते, आणि त्या ओल्या जागेवर मार्च लागला की गल्लीतला काळा कुत्रा येऊन पडतो तो पाऊस येईपर्यंत हलत नाही. पोट्ट्यांनी त्याचं नाव ठाणेदार ठेवलंय.

आता कूलर भरायचं काम घरात कोणाचं, तर माझं. नळ आला की पाईप घेऊन नेमकं तिथेच उभं राहायचं जिथे साहेब झोपलेत.

गेल्या वर्षीची गोष्ट. नवतपा चालू होता, 25 मेपासूनचे ते नऊ दिवस, त्यात लाईट गेलेली, मी अंधारात बादली घेऊन निघालो आणि पाय पडला तो बरोब्बर शेपटीवर. पोटरीत दात. आता साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली धुवायचं असतं एवढं मला माहीत होतं, पण आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात रात्री नऊ वाजताही असं असतं की नुसती पत्ती टाका, चहा तयार. कुत्रा एकदाच चावला हो, नळ पंधरा मिनिटं चावत होता. तेवढ्यात समोरच्या काकू फाटकात येऊन उभ्या, "बेंबीत चौदा घ्या लागते बाप्पा!" चौदा नाही आणि बेंबीतही नाही, दंडात घेतली, चावला तो दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28. काकूंना अजून पटलेलं नाही, त्यांच्या हिशोबाने मी दहा सुया बुडवल्यात.

यंदा मात्र मी एप्रिलमध्येच वरच्या मजल्यावरच्या पोराला गाठलं, तो सेमिनरी हिल्सच्या वेटरनरी कॉलेजला शिकतो. म्हटलं या चिडक्या प्राण्याचं काय करू.

"काका, तो चिडका नाही आहे. तो तापून आहे."

मग त्याने जिन्यातच लेक्चर दिलं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांना, तोही नावापुरता, बाकी सगळा कारभार जिभेवर, धापा टाकायच्या, जिभेवरचं पाणी उडवायचं आणि अंग थंड करायचं. म्हणजे कूलरच की, मी म्हटलं. हो म्हणे, पण ताट्या एवढ्याशा आणि बाहेर 45. अशात त्याला कोणी झोपेत धक्का मारला तर तो काय विचारपूस करणार आहे का? अमेरिकेत आठ शहरांतले 2009 ते 2018 चे कुत्रे चावल्याचे आकडे तपासले तर तापलेल्या दिवशी चावे जास्त निघाले, असंही त्याने सांगितलं. यासाठी अमेरिका कशाला पाहिजे होती, माझी पोटरी पाहिली असती तरी भागलं असतं.

नागपुरात तसंही तापल्यावर कोणाचंच खरं नाही. 2013 च्या मेमध्ये 47.9 झालं होतं ते खरंखुरं, पण 2024 मध्ये एका मशीनने चक्क 56 दाखवलं आणि मग हवामान खातं म्हणालं सेन्सर बिघडला होता. बिघडला नसेल हो, तोही तापून असेल.

तर मी कामाला लागलो. पहिल्या दिवशी ओलं पोतं घेऊन त्याच्या अंगावर टाकायलाच निघालो होतो, वरून पोट्टा ओरडला, "काका अंगावर नाही, खाली! वरून टाकलं तर गरमी आतच कोंडते!" मग पोतं खाली अंथरलं. पाण्याला स्टीलचं भांडं ठेवलं तर ते उन्हात तव्यासारखं तापलं, शेवटी महाल भागातल्या बाजारातून मातीचं पसरट भांडं आणलं, दिवसातून दोनदा पाणी बदलतो. दुपारी ऊन सरकतं तसं जुन्या बेडशीटचं छप्पर सरकवतो. त्याच्या आणि भिंतीच्या मधे जायचं नाही, पळायला वाट मोकळी ठेवायची, हात लावून उठवायचं नाही, लांबूनच आवाज द्यायचा. म्हणून रोज नळ आला की मी फाटकापासूनच ओरडतो, "ठाणेदार साहेब, पाणी भरतो जी!" तो एक डोळा उघडतो, उठतो, अंग झटकतो, दोन पावलं बाजूला होतो. परवा सासरे आले होते, बनियनवर बसले होते बिचारे, माझा आवाज ऐकून घाईघाईत शर्टाची बटणं लावत बाहेर आले आणि विचारलं, "काहून, काय झालं जी?"

हे सगळं प्रेमापोटी चाललंय असा गल्लीत गैरसमज आहे, मी तो दूर करायच्या भानगडीत पडलेलो नाही. पोटरीचं सत्य पोटरीला माहीत.

काल कूलरवाला आला. पंपात कचरा अडकला होता तो काढला, पाती पुसली, मग वाकून टाकीखाली पाहिलं आणि खिशातून एम-सील काढलं. "भाऊ, हे भोक बुजवून टाकतो ना, किती पाणी वाया जाऊन रायलं तुमचं."

खाली ठाणेदाराने मान वर केली.

"ते राहू द्या," मी म्हटलं, "तेवढं राहू द्या जी."

कूलरवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि एम-सील हळूच खिशात घातलं.