राजवाड्याच्या गर्दीत खिशातले पैसे असे उडत नाहीत

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: गेरमध्ये (राजवाड्यावरून जाणाऱ्या रंगपंचमीच्या मिरवणुकीत) किंवा सराफा बाजाराच्या गर्दीत कोणी स्वाइप मशीन खिशाला टेकवलं की कार्डातून पैसे जातात, म्हणून कार्ड फॉइलमध्ये गुंडाळा. एटीएमवर आधी दोनदा ‘कॅन्सल’ दाबा, म्हणजे पिन चोरीला जात नाही. आणि चोराने गाठलंच तर पिन उलटा टाका, पोलीस येतील.

खिशाच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. लहरींची खूण असलेलं कार्ड पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत चालू शकतं. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा २,००० वरून वाढली. पण मशीन कार्डाच्या चारेक सेंटिमीटरच्या आत यावं लागतं, तेही आधी रक्कम भरून. शिवाय मशीन केवायसी करून मिळतं आणि पैसे तडक चोराच्या हातात पडत नाहीत, दुकानदाराच्या नावावरच्या खात्यात जातात. दुसऱ्याच्या नावावरची भाड्याची खाती मिळतात, नाही असं नाही. तरी गेरच्या धक्काबुक्कीत असा उद्योग कोण करील? फॉइल लावायचं तर खुशाल लावा, पण बँकेच्या ॲपमधून ‘टॅप’ (कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय) बंद करणं सोपं. १६ मार्च २०२० नंतरच्या नव्या कार्डांवर ते आपण सुरू करेपर्यंत बंदच असतं.

‘कॅन्सल’चं बटण फक्त चालू व्यवहार रद्द करतं. वर चिकटवलेला कॅमेरा किंवा बटणांवर बसवलेलं खोटं कव्हर पिन टिपतं ते तुम्ही पिन दाबता तेव्हा. आधी दोनदा काय नि दहादा काय, त्याला फरक पडत नाही. पीआयबीने (केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने) हा दावा खोटा ठरवलेला आहे.

उलट्या पिनबद्दल एवढंच: आपल्या एटीएममध्ये तशी सोयच नाही. आणि ज्याचा पिन १२२१ आहे, त्याने काय उलटं करायचं?

खरी चोरी होते ती कार्डामागच्या काळ्या पट्टीतून. २०१८ अखेरपर्यंत चिपची कार्डं देण्याचं बँकांना बंधन होतं, तरी पट्टी गेली नाही. चिप दर व्यवहाराला नवा कोड देते. पट्टीवरचा मजकूर मात्र तोच राहतो, त्यामुळे त्याची नक्कल होते. नकलेला जोड हवी पिनची, आणि तो आपणच पुरवतो. हॉटेलात वेटर कार्ड घेऊन काउंटरवर जातो, तिथून ओरडतो, “साहेब, पिन?” आणि आपण टेबलावरूनच चार आकडे सांगून मोकळे. शेजारची तीन टेबलं ऐकतात. मशीन इकडे आणा म्हणायला लाज कसली! कार्ड पट्टीने ओढू देऊ नका, चिपच्या खाचेत घाला. स्क्रीनवरची रक्कम वाचा. मग एका तळव्याआड पिन दाबा. एटीएमवर कार्डाची खाच हलवून बघा. सैल वाटली तर दुसरीकडे चला.

पैसे गेलेच तर आधी कार्ड ब्लॉक करा, बँकेत तक्रार नोंदवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तिऱ्हाइताकडून झाली असेल आणि तुम्ही बँकेला तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार शून्य. पण पिन स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच.